शेपटी हलवणारा पाहुणा: जुळे सोलापुरातल्या एका परसाचे तीन हिवाळे

2023 च्या गौरीजेवणानंतर शेजारच्या काकू हात पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू कॉलेजात प्राणीच शिकवतीस ना? मग एक बघ की. भोपळ्याला फुलं येतात, फळ धरत नाही. वालावरचा मावा औषध मारून मारून जात नाही. आणि तो शेपटी हलवणारा मागच्या थंडीत राहिलाच नाही."

त्यांच्या लेखी या तीन वेगळ्या तक्रारी होत्या. पहिली भाजीची, दुसरी किडीची (मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) आणि तिसरी नुसती मनाची. मला मात्र ऐकताक्षणीच वाटलं की तिन्हीचं मूळ एकच असावं. पुढचे सहा महिने मी जवळजवळ रोज त्यांच्या परसात गेले आणि वहीत नोंदी ठेवल्या. हा त्याच वहीवरून लिहिलेला वृत्तांत आहे.

जागा आणि हवा

परस तीस फूट लांब, अठरा फूट रुंद. एका कोपऱ्यात देशी बदाम, दुसऱ्या बाजूला शेवगा, मधे लिंबू, कढीपत्ता आणि एक सीताफळ. दाराशी तुळशी वृंदावन, त्याच्या बाजूला पाण्याचा हौद, कपडे धुण्याचा दगड आणि पलीकडे कंपाउंडची भिंत. खाली मुरूम आहे. घर बांधलं तेव्हा त्यावर दोन ट्रॉल्या काळी माती पसरली होती. ही माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळते आणि पावसात चपलेला धरून ठेवते. तेव्हा नळाला पाणी चार दिवसांआड यायचं. त्यामुळे हौद भरलेला असणं ही या घरातली पहिली काळजी, झाडं नंतर.

बागकामाच्या पुस्तकांतून हिवाळा म्हणजे बागेच्या झोपेचा काळ अशी एक कल्पना आपल्याकडे आली आहे. ती बर्फाच्या देशांची गोष्ट. सोलापुरात झोपेचा काळ एप्रिल-मे असतो, पारा चाळिशीच्या वर जाऊन बसतो तेव्हा. आपण पर्जन्यछायेत आहोत, इथला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, आणि त्या ओलीवर खरी हिरवाई उभी राहते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंधरा अंशांच्या आसपास थंडी आणि दुपारी तीसच्या घरात ऊन. एवढ्या थंडीत किडे मरत नाहीत, गोठत नाहीत, फक्त सकाळी थोडे उशिरा हलायला लागतात. हिमालयातल्या आणि त्याच्याही पलीकडच्या पाखरांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिकडे किडे मिळेनासे होतात तेव्हा ती इकडे येतात.

काकूंचा शेपटी हलवणारा हा त्यातलाच एक. त्याचं नाव थिरथिरा, पुस्तकात कृष्ण थिरथिरा. बुलबुलापेक्षा लहान. नर वरून काळपट, पोट आणि शेपटी विटकरी नारिंगी. मादी तपकिरी, पण शेपटी तीच. भिंतीवर किंवा दगडावर बसतो, अंग खाली झुकवतो आणि शेपटी अशी थरथरवतो की जणू तिलाच थंडी वाजतेय. जमिनीवर किडा दिसला की झेप, आणि परत जागेवर. दाणे टाकले तरी त्यांच्याकडे बघत नाही. त्याला मुंग्या, भुंगेरे, कोळी लागतात. त्याच्या या खाण्यातच या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली आहे.

आधीचे दोन हिवाळे

2021 च्या ऑक्टोबरअखेरीला काकूंनी मला भिंतीवरून हाक मारून तो पहिल्यांदा दाखवला होता. नर होता. कपडे धुण्याच्या दगडावर बसायचा, काकू धुवायला बसल्या की हौदाच्या कठड्यावर सरकायचा. मार्चच्या मध्यापर्यंत तो होता. त्या वर्षी परसात फरशी नव्हती. सांडपाणी बदामाखाली जायचं, तिथे कायम ओल असायची, आणि बदामाची मोठी लाल पानं पडतील तशी पडून राहायची.

2022 च्या मे महिन्यात सगळ्या परसात पेव्हर ब्लॉक बसवले. कारणं खरी होती. काकूंचा गुडघा दुखतो, पावसाळ्यात चिखलात त्या दोनदा घसरल्या होत्या, आणि आदल्या वर्षी हौदाजवळ घोणस निघाली होती. घरातल्या माणसांचा जीव आधी. झाडांना तेवढी गोल आळी ठेवली. शेजारी म्हणून मीही तेव्हा "बरं झालं" म्हणाले होते, हे लिहून ठेवते.

त्याच पावसाळ्यापासून काका फवारणी करायला लागले. काका कापड गिरणीत तपासणी खात्यात होते. कापडात एक धागा सुटलेला दिसला तरी ठाण बाजूला काढायचा, ही तीस वर्षांची सवय. पानावर मावा दिसला की त्यांना चैन पडेना. दुकानातून इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक आणलं आणि दर दहा-बारा दिवसांनी, सकाळी आठच्या सुमारास, वाल, भोपळा, जास्वंद सगळ्यांवर मारायला सुरुवात केली. थंडी पडल्यावर रोज सकाळी पानं झाडून त्यांची शेकोटीही व्हायला लागली. परस आरशासारखं लख्ख झालं.

2022 च्या नोव्हेंबरात थिरथिरा दोन दिवस दिसला. भिंतीवर बसला, खाली बघितलं, आणि गेला.

धागा कुठे जुळतो

भोपळ्याची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. पहाटे उमलतात आणि दुपार व्हायच्या आत मिटतात. तेवढ्या वेळात एखाद्या माशीने नर फुलातून मादी फुलात परागकण नेले तर फळ धरतं, नाहीतर फुलामागचं कवळं फळ पिवळं पडून गळतं. काकांची फवारणी नेमकी त्याच वेळी होत होती. शिवाय इमिडाक्लोप्रिड हे आंतरप्रवाही औषध आहे. ते पानावर राहत नाही, रसात उतरतं आणि तिथून परागात आणि मधात जातं. लिंबाच्या फांदीवर फुलोरी मधमाशांचं तळहाताएवढं पोळं असायचं, ते 2022 च्या दिवाळीनंतर रिकामं दिसलं, असं काकूच म्हणाल्या.

माव्याचं गणित थोडं विचित्र आहे. त्याच्या माद्यांना नराची गरज लागत नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात आणि आठवडा-दहा दिवसांत ती पिल्लंही पिल्लं द्यायला लागतात. मावा खाणारा ढालकिडा, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा, एवढ्या वेगाने वाढत नाही. त्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. फवारलं की दोघेही मरतात. मागे राहिलेल्या चार माव्यांचे पंधरा दिवसांत चारशे होतात, आणि त्यांना खाणारं आता कुणी उरलेलं नसतं. मग पुन्हा फवारा. काका वर्षभर या चक्रात अडकले होते.

आणि थिरथिऱ्याला बसायला भिंत होती, दगड होता. खाली किडे तेवढे नव्हते. ब्लॉकवर कुठला भुंगेरा राहणार?

मी हे सगळं काकांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे औषधच रोग झालंय म्हणतीस." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. फवाऱ्याचा पंप मात्र दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेला.

काय केलं

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदामाच्या बाजूचे बारा फूट लांब, आठ फूट रुंद एवढ्या जागेतले ब्लॉक उचलले. दारापासून हौदापर्यंतची वाट तशीच ठेवली, काकूंच्या गुडघ्यासाठी. सगळं परस उकरायचा माझा आग्रह नव्हता. बाई पडल्या तर पाखरू काय कामाचं.

उघड्या जागेचे तीन भाग केले. मोठ्या भागात वाफे. बदामाखाली पाचोळा, चार बोटं जाडीचा, पसरलेला, ढीग नाही. घराच्या आणि कंपाउंडच्या भिंतीपासून दोन-दोन हात सोडून. सोलापूरच्या माळरानात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, त्यामुळे इथे काही नियम घरातल्या सगळ्यांनी पाठ केले: पाचोळ्यात हात घालायचा नाही, फावडं किंवा काठीच. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय परसात पाय टाकायचा नाही. विटा, फळ्या, गोणपाटं पाचोळ्याजवळ रचायची नाहीत. तिसरा भाग दोन हात चौरस, नुसती भुसभुशीत कोरडी माती. काकूंना तो वायफळ वाटला. चार दिवसांत चिमण्या त्यात लोळायला आल्या, पंख फुगवून धूळ उडवत, आणि काकू पोळ्या करायचं सोडून बघायला बाहेर आल्या. आपलं रान मुळात माळाचं. इथली चिरक, चंडोल, चिमणी ही उघड्या मातीवरची पाखरं आहेत. त्यांना हिरवळीचा गालिचा नको असतो. सोलापुरात महाबळेश्वर उभं करायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणीही पुरत नाही आणि पाखरंही येत नाहीत.

वाफ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, टोमॅटो. मेथी एकदम न टाकता दर आठवड्याला एक ओळ, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांनी रोज एक जुडी निघते. कोथिंबिरीची एक ओळ काढायची नाही असं ठरलं. ती फुलू द्यायची. तिची पांढरी बारीक छत्रीसारखी फुलं सिरफिड माशीला फार आवडतात. ही माशी दिसते गांधीलमाशीसारखी पिवळी-काळी पट्ट्यांची, पण चावत नाही, आणि तिची अळी मावा खाते. मोठी माशी फुलावर जेवते आणि तिथेच जवळ, माव्यात अंडी घालते. म्हणून फुलं आणि मावा शेजारी-शेजारी हवेत.

हरभऱ्याची कल्पना काकूंची. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, काळ्या खोल जमिनीचं, जिथे मालदांडी ज्वारी पावसाच्या ओलीवर आणि थंडीवर येते. त्यांनी हरभरा टोकताना मधे मधे ज्वारीचे दाणे टाकले. म्हणाल्या, "आमच्यात असंच करतात. ज्वारी वर जाती, तिच्या ताटावर कोतवाल बसतो, वेडा राघू बसतो. बसायला जागा असली की घाटेअळी उचलतो. नाहीतर तो बसणार कशावर?" कृषी खात्याच्या पत्रकांत याला पक्षीथांबे म्हणतात आणि काठ्या रोवायला सांगतात. काकूंच्या माहेरी ते पेरून उगवतात.

पाण्यासाठी कुंभाराकडून रुंद तोंडाची परळ आणली, दोन बोटं खोल, मधे एक खडबडीत दगड. पाखरांना पाणी उन्हाळ्यात ठेवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण 2023 चा पावसाळा तोकडा गेला होता. ऑक्टोबर संपेपर्यंत आसपासची डबकी आटली होती, आणि थंडीतही पाखराला पिण्याइतकंच न्हायलाही पाणी लागतं, पिसं नीट राहिली तरच ऊब राहते. परळ रोज सकाळी ओतायची, काथ्याने घासायची, पुन्हा भरायची. ओतलेलं पाणी मेथीला. डासाला अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, रोज ओतल्यावर त्याला वेळच मिळत नाही.

चुकलेल्या गोष्टी

दाण्याचं ताट ही माझी चूक. ऑक्टोबरात मी हौसेने बाजरीचं ताट टांगलं. दोन दिवस मनोल्या आल्या, मग पारवे आले, आणि तिसऱ्या आठवड्यात सांडलेल्या दाण्यांवर उंदीर. उंदरामागे काय येतं ते त्या घराला सांगायची गरज नव्हती. ताट त्याच दिवशी काढलं.

परळही आधी जास्वंदीच्या आडोशाला ठेवली होती, सावली म्हणून. आडोसा मांजरालाही मिळतो. एका सकाळी तिथे मनोलीची पिसं पसरलेली दिसली. काकूंनी दिवसभर नीट जेवण केलं नाही. मग परळ हौदाच्या कठड्यावर, उघड्यावर गेली. तिच्यापासून चार हातांत झुडूप नाही, म्हणजे पाखराला मांजर लांबून दिसतं.

टोमॅटो गेले. पांढऱ्या माशीने बोकड्या रोग आणला, पानं वळली, आणि काकांनी नोव्हेंबरअखेर सहाही रोपं उपटून जाळली. तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "औषध मारलं असतं तर वाचली असती." कदाचित वाचलीही असती. मी वाद घातला नाही.

डिसेंबरचा पंधरवडा

खरी परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. तीन-चार दिवस आभाळ राहिलं आणि वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा अक्षरशः चढला. देठ दिसेना. खालच्या पानांवर चिकट गोड रस पडून ती चकाकायला लागली, मुंग्यांच्या रांगा लागल्या. मुंग्या तो रस पितात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. काका पंप खाली काढायला माळ्याच्या शिडीपर्यंत गेले होते. काकूंनी मला फोन केला.

आम्ही सौदा केला: दहा दिवस. दहा दिवसांत काही फरक पडला नाही तर काकांनी हवं ते करावं, मी तोंड उघडणार नाही. मधल्या काळात फार लडबडलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवायचे, बाकीच्यांवर सकाळी नळीने जोरात पाणी मारायचं, आणि वेलाच्या बुडाशी मुंग्यांची वाट मोडायची. निंबोळी अर्काची तयारी करून ठेवली, लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून. पण तो शेवटचा उपाय, आणि मारायचा झाला तर संध्याकाळी, फुलं सोडून.

चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा काका खूश होते. "नवीनच कीड आली होती," म्हणाले, "काळ्या लांबट अळ्या, अंगावर केशरी ठिपके, पाय मगरीसारखे. पंधरा-वीस चिरडल्या." माझ्या पोटात खड्डा पडला. त्या ढालकिड्याच्याच अळ्या होत्या. आम्ही ज्यांची वाट बघत होतो त्याच. मोठा ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो, त्याचं पोर त्याच्यासारखं अजिबात दिसत नाही, आणि मावा खाण्यात ते बापापेक्षा कमी नाही.

मी रागावले नाही, रागवायचा मला हक्कच नव्हता. अळी कशी दिसते हे मी आधी सांगायला हवं होतं. काका गप्प घरात गेले आणि कपाटातून एक घडीचं पितळी भिंग घेऊन आले. कापडाच्या एका इंचात किती उभे, किती आडवे धागे हे मोजायचं भिंग. निवृत्तीनंतर ते बाहेर निघालं नव्हतं. त्यांनी ते वालाच्या पानावर ठेवलं, वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

भिंगाखाली एक वाचलेली अळी माव्याला धरून बसली होती. माव्याचे पाय हलत होते, मग थांबले, मग नुसतं सालपट राहिलं. अळी पुढच्याकडे सरकली. काका पुटपुटत मोजायला लागले. त्या दिवसापासून ते रोज सकाळी नऊ वाजता एका ठराविक पाच शेंड्यांवर भिंग ठेवून मोजायचे आणि माझ्या वहीत आकडे लिहायचे, गिरणीतल्या तपासणी तक्त्यासारखे सरळ रकाने आखून: मावा किती, अळ्या किती, सुजलेले सोनेरी मावे किती. हे सोनेरी मावे म्हणजे आत बारीक गांधीलमाशीने अंडं घातलेलं असतं, मावा फुगून कागदासारखा होतो आणि त्याला गोल भोक पाडून माशी बाहेर येते. हे त्यांनी मला दाखवलं, मी त्यांना नाही.

सातव्या दिवसापर्यंत मावा वाढतच होता. काकूंचा धीर सुटत चालला होता, काकांचा मात्र आता सुटत नव्हता. नवव्या दिवशी रकाना पहिल्यांदा खाली आला. पंधराव्या दिवशी पाचपैकी तीन शेंड्यांवर मावा नव्हता, उरलेल्या दोनांवर होता आणि राहिला. मी राहू द्या म्हटलं. तो संपला तर ढालकिडे जेवणार काय? निंबोळी अर्क बादलीत तसाच राहिला. वालाच्या पहिल्या तोडणीला शेंगा नेहमीपेक्षा कमी आल्या, दुसरीला भरपूर. भोगीच्या भाजीत वाल, गाजर आणि हरभरा घरचा होता.

थिरथिरी आणि बाकीची मंडळी

ती त्याआधीच आली होती. 9 नोव्हेंबर, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं, हौदाचा कठडा. या वेळी नर नव्हता, तपकिरी मादी होती. पहिले तीन दिवस भिंतीवरच राहिली. चौथ्या दिवशी पाचोळ्याच्या कडेला उतरली, एक पान चोचीने बाजूला केलं आणि खालचं काहीतरी उचललं. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत.

नोव्हेंबर ते मार्च ती राहिली. तिची वेळ ठरलेली होती, ऊन पाचोळ्यावर येईपर्यंत थांबायची. थंडीत किडा हलल्याशिवाय दिसत नाही आणि ऊन लागल्याशिवाय हलत नाही. काकांनी शेकोटी बंद केली ती यामुळे, माझ्या सांगण्यामुळे नाही. एके सकाळी त्यांनी झाडायला खराटा उचलला, ती कठड्यावर बसून बघत होती, आणि त्यांनी खराटा परत ठेवला.

त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा आनंद मला विचाराल तर सकाळी साडेआठ ते दहा, मागच्या पायरीवर, पाठीला ऊन घेऊन चहा पिणं. तिथे बसल्या-बसल्या किती गोष्टी कळल्या! शेवगा फुलल्यावर जांभळा शिंजीर यायला लागला. काकू त्याला फुलचुखी म्हणतात. डिसेंबरात नर मळकट पिवळा होता, गळ्यावरून खाली एक काळी रेघ. दर आठवड्याला त्याच्यावर एकेक चमकता ठिपका वाढत गेला आणि फेब्रुवारीत तो उन्हात निळा-जांभळा पेटल्यासारखा दिसायला लागला. कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आल्या, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्यागार. काकूंनी एक फांदी आमटीसाठी तोडायची नाही असं ठरवून तिला दोरा बांधला. सातभाई गोंगाट करत पाचोळा उलटासुलटा करून जायचे. संध्याकाळी बदामात पिंगळ्यांची जोडी. काकांना आधी त्यांचा आवाज अशुभ वाटायचा. उंदीर कमी झाल्यावर ते काही म्हणेनासे झाले.

आणि भोरड्या. संध्याकाळी तलावाकडे रातथाऱ्याला जाणारे त्यांचे थवे आमच्या गच्चीवरून जातात, धुरासारखे वळत, पसरत. थेट मध्य आशियाकडून येतात. तिकडे टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतात, इकडे येऊन ज्वारीवर पडतात. काकूंचं लहानपण शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीने त्यांना हाकलण्यात गेलं. जानेवारीत परसातल्या पाच-सहा ज्वारीच्या कणसांत दूध भरलं तेव्हा आठ-दहा भोरड्या खाली उतरल्या. मी काकूंकडे पाहिलं. त्या पदर खोचून उठल्या, दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. "खाऊ दे," म्हणाल्या. "तेव्हा घर त्याच्यावर चालायचं. आता कुठं?"

त्या वर्षी येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) आणि गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा) लागोपाठ आले. येळवशीला काकूंनी शेतात जाता येत नाही म्हणून परसातच, ज्वारीच्या ताटांखाली, पांडवांची पूजा मांडली. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील. हुरड्याचं एकच कणीस भोरड्यांनी ठेवलं होतं, ते भाजून सगळ्यांना चार-चार दाणे आले. शेजारच्या वहिनी, ज्यांनी पाचोळ्यामुळे साप येतील म्हणून आधी तक्रार केली होती, त्याही आल्या. त्यांनी पाचोळा लांबूनच बघितला, पण त्यांच्या परसातल्या लिंबावरची हिरवी अळी मारू की ठेवू, हे विचारून गेल्या.

हाती काय आलं

भोपळे तीन धरले, त्यातला मोठा साडेचार किलोचा. फुलोरी माशांनी जानेवारीत लिंबावर नवं पोळं बांधलं. वालावर त्या हिवाळ्यात एकदाही औषध पडलं नाही. टोमॅटो मिळाले नाहीत. थिरथिरी 17 मार्चला शेवटची दिसली.

हे एकाच परसाचं आहे. 2022 मध्ये मागच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, 2023 मध्ये ते संपलं होतं. पाखरू परत यायला त्याचाही हात असेल. पण भिंतीवर बसून खाली ब्लॉक बघून निघून गेलेलं पाखरू आणि पान उलटून किडा उचलणारं पाखरू, दोन्ही मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या दोन सकाळींमधला फरक मला तरी मातीतच दिसतो.

पुन्हा करायचं झालं तर मी दोन गोष्टी बदलेन. दाण्याच्या ताटाच्या भानगडीत पडणार नाही, आणि फवारणी थांबवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला ढालकिड्याची अळी, सिरफिडची अळी आणि सोनेरी मावा भिंगातून दाखवेन. काका म्हणतात ते बरोबर आहे: तपासणी करणाऱ्याला आधी चांगलं कापड ओळखता आलं पाहिजे.

मार्चअखेर, ऊन कडक व्हायला लागल्यावर, काकांनी मला बोलावून वाटेपलीकडचे उरलेले ब्लॉक दाखवले. खडूने त्यांनी त्यांवर एक रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडचे राहणार, पलीकडचे पावसाळ्याआधी निघणार. काकूंनी ती रेघ पायाने चाचपून पाहिली, दोन पावलं टाकली आणि म्हणाल्या, "अहो, अजून एक फूट सरकवा की. मला चालायला एवढी वाट लागत नाही."